बालवाडीतलं ॲप कोण निवडतं? संस्थाचालकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील नर्सरी, लहान गट आणि मोठा गट चालवणारे सर्व संस्थाचालक व मुख्याध्यापक यांस

सप्रेम नमस्कार.

माझ्या नातीच्या शाळेने नुकतीच पालकांना एक सूचना पाठवली. येत्या जूनपासून मोठ्या गटातल्या प्रत्येक मुलाने रोज घरी २० मिनिटं एक ठरावीक शैक्षणिक ॲप वापरायचं आहे. त्याची वर्गणी फीमध्येच धरली आहे. कुणाला ते नको असेल तर काय, याबद्दल सूचनेत एक अक्षर नाही. विचारायला गेलेल्या पालकांना ‘हा संस्थेचा निर्णय आहे’ एवढंच उत्तर मिळालं.

शाळेचं आणि ॲपचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर ही एका शाळेची तक्रार होऊन बसेल. नाशिकमध्ये ओळखीच्या घरी विचारलं तेव्हा बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच चाललेलं दिसलं. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी बालवाडीची शिक्षिका होते. निवृत्त होईपर्यंत माझी सगळी नोकरी तीन ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये गेली. आमच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम शिकवलं जायचं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी शिंपले, बिया, पानं, माती यांतून शिक्षणाची साधनं उभी केली. साधन स्वस्त असो की महाग, ते मुलाच्या हातात देण्याआधी शिक्षिकेने स्वतः हाताळलं पाहिजे, हा धडा आम्ही तिथून घेतला. ओवायचे मणी आणताना आम्ही मण्याचं भोक किती मोठं आहे ते बघायचो, रंग हाताला लागतो का ते बघायचो, तोंडात घातला तर गिळला जाईल का तेही बघायचो. दुकानदार सांगतो म्हणून मणी घेतले, असं कधी झालं नाही.

फोनला माझा विरोध आहे असं कृपया समजू नका. शिक्षिकेच्या हातातला फोन बालवर्गात उपयोगी पडतो. मुलाने सांगितलेली गोष्ट ध्वनिमुद्रित करून त्यालाच ऐकवता येते. त्याने काढलेल्या रांगोळीचा फोटो आईला पाठवता येतो. परगावच्या आजोबांशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारताना मूल बोलायला शिकतं, हे बालरोगतज्ज्ञही मान्य करतात. चांगली ॲपही आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की हे ॲप कोणी निवडलं. वर्गातल्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आम्हाला सूचना आली तेव्हाच कळलं. म्हणजे ज्या बाईंच्या समोर मूल दिवसाचे तीन तास बसतं, त्यांनी ते साधन उघडूनही पाहिलेलं नव्हतं.

आता तक्रारी.

सगळ्यात आधी भाषेची, कारण ती मला सगळ्यात जास्त लागली आहे. यंदा लहान गटात हे ॲप ऐच्छिक होतं, त्यामुळे ते मी नातीबरोबर बसून पाहिलं. त्यावर ‘मराठी’ असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ती हिंदी वर्णमाला आहे आणि तिच्यावर मराठी शब्द चिकटवलेले आहेत. तिच्यात ‘ळ’ नाही. फळा, बाळ, केळं, डोळा, पोळी, शाळा हे शब्द ज्या मुलाच्या तोंडी दिवसभर असतात, त्याच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही! ‘ज्ञ’ आला की आवाज म्हणतो ‘ग्य’. मी ‘द्न्य’ म्हटलं तर नात मला समजावून सांगू लागली, आजी, तसं नसतं, ते ग्य असतं. चमचा आणि चिमणी यांतले ‘च’ आपण वेगवेगळे उच्चारतो. दोन्ही शब्द रोजचे आहेत आणि कोणतंही मराठी मूल ते न शिकवता बरोबर म्हणतं. ॲपमधला आवाज दोन्हीकडे चिमणीचाच ‘च’ लावतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणंही हिंदीची आहेत. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये वर्णमालेबाबत शासन निर्णय काढून मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरायला सांगितलं आहे. पुढे पहिलीत बालभारतीचं पुस्तक हातात आल्यावर मुलाला तिथे वेगळी अक्षरं दिसणार. तेव्हा ते कोणाचं खरं मानणार?

अक्षर गिरवण्याचा भाग याहून चिंतेचा आहे. ‘क’ गिरवताना बोट खालून वर फिरवलं, मधलं वळण आधी काढलं, कसंही केलं तरी रेघ रंगली की तारा मिळतो आणि टाळ्या वाजतात. आम्ही मुलांना आधी वाळूत, मग रव्यात, मग पाटीवर अक्षर काढायला लावायचो. बोटाला खरखर जाणवते, दाब कमीजास्त होतो, खडू मोडतो, हात तयार होतो. गुळगुळीत काचेवर बोट सरकवताना यातलं काहीच घडत नाही. मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, कणीक मळणं यांतून चिमटीत जो जोर येतो, तोच पुढे पेन्सिल धरायला लागतो. २० मिनिटं काचेवर गेली की ती २० मिनिटं त्या कामातून जातात. मुलाकडे संध्याकाळी शिल्लक वेळ किती असतो ते तुम्हीही जाणता.

दुसरी तक्रार वेळेची. सूचनेत म्हटलं आहे की २० मिनिटं म्हणजे काहीच नाही, तज्ज्ञ तर एका तासापर्यंत परवानगी देतात. ज्या आकड्याचा हा आधार घेतला आहे तो पूर्ण वाचायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. तीन आणि चार वर्षांच्या मुलांनी बसून पडद्यासमोर घालवायचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, आणि जितका कमी तितकं चांगलं, असं त्यात आहे. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनेही दोन ते पाच वर्षांसाठी जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, असंच सांगितलं आहे. हा तास म्हणजे वरची मर्यादा. ती घरातल्या टीव्हीसह, मामाच्या फोनवरच्या कार्टूनसह, सगळ्याची मिळून आहे. त्यातला तिसरा हिस्सा शाळेने परस्पर ठरवून टाकला, तर घराने आपल्या मुलासाठी आखलेली शिस्त शाळाच मोडते. ज्या आईवडिलांनी जेवताना फोन न देण्याचा नियम कष्टाने पाळला, त्यांच्या घरी आता ‘टीचरने सांगितलंय’ म्हणून फोन मागितला जाईल. २० मिनिटांनी तो हातातून काढून घेताना जे रडणं होतं ते सूचना लिहिणाऱ्यांना ऐकू येत नाही.

इथे २०२० ची आठवण करून द्यायला हवी. शाळा कुलूपबंद होत्या, मुलं घरात कोंडलेली होती, शिकवण्याचा दुसरा मार्ग नव्हता. त्या जुलैमध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने, म्हणजे आताच्या शिक्षण मंत्रालयाने, ऑनलाइन शिक्षणासाठी ‘प्रज्ञाता’ नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्व-प्राथमिकसाठी त्यात काय होतं? दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटं, आणि तीही पालकांशी बोलण्यासाठी, त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी. इतक्या अडचणीच्या काळातही चार वर्षांच्या मुलाला स्वतः पडद्यासमोर बसवा असं कोणी म्हटलं नाही. आता शाळा उघड्या आहेत, वर्गात ताई आहेत, अंगणात घसरगुंडी आहे. मग रोजची सक्ती कशासाठी?

तिसरी तक्रार त्या ॲपच्या घडणीबद्दल. सलग सात दिवस उघडलं तर बक्षिसाची पेटी मिळते. एक दिवस चुकला तर पेटी रिकामी होते. बंद करायला गेलं की ॲपमधलं अस्वल रडवेलं तोंड करून ‘जाऊ नकोस ना’ म्हणतं. एक खेळ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, त्यामुळे ‘संपलं’ असा क्षणच येत नाही. गोष्टीच्या पुस्तकाला शेवटचं पान असतं, मूल ते मिटतं आणि पुन्हा उघडायचं की नाही ते स्वतः ठरवतं. इथे ते ठरवणं मुलाकडून काढून घेतलेलं आहे. काही दालनांना कुलूप आहे आणि ते उघडायला वेगळे पैसे पडतात. म्हणजे फीमध्ये वर्गणी भरून झाल्यावरही मूल आईकडे हट्ट धरतं.

हे एकाच ॲपमध्ये घडतं असं नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची १३५ ॲप तपासली. त्यांतल्या ९५ टक्के ॲपमध्ये कोणत्या ना कोणत्या रूपात जाहिरात होती, आणि काहींमध्ये खेळातलं आवडतं पात्रच मुलाला खरेदीकडे ढकलत होतं. चार वर्षांच्या मुलाला जाहिरात आणि खेळ यांतला फरक कळत नाही. अस्वल खरंच रडतंय असं त्याला वाटतं आणि त्याला खरंच वाईट वाटतं. या वयातल्या मायाळूपणाचा असा वापर शाळेच्या नावाखाली व्हावा, हे मला सहन होत नाही.

‘ॲपवर ३+ लिहिलेलं आहे’ असं एका मुख्याध्यापिकेने पालकांना सांगितल्याचं ऐकलं. ॲपच्या दुकानातली ही खूण आशयाची असते. हिंसा, भीतीदायक दृश्यं, अर्वाच्य भाषा नाही, एवढंच ती सांगते. तीन वर्षांच्या मुलाला त्यातून काही शिकता येईल, असं ती सांगत नाही. ‘शैक्षणिक’ हा शब्दही कंपनी स्वतःच लावून घेते, त्यासाठी कोणाकडे परीक्षा द्यावी लागत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतच एका अभ्यासात मुलांच्या १२४ शैक्षणिक म्हणवणाऱ्या ॲपना गुण दिले गेले, तेव्हा निम्म्याहून अधिक ॲप कमी दर्जाची ठरली.

ते गुण ज्या चार कसोट्यांवर दिले त्या तुम्ही जरूर बघा. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्या मांडल्या होत्या. मूल डोकं चालवतं आहे की नुसतं बोट? त्याचं लक्ष कामात राहतं की दर दोन क्षणांनी टिणटिण आणि चमचमाट त्याला दुसरीकडे ओढतात? जे शिकतं आहे ते त्याच्या रोजच्या जगण्याशी जोडलेलं आहे का? आणि शेजारी बसलेल्या माणसाशी त्यातून बोलणं होतं का? बालवाडीत काम केलेल्या कोणालाही हे प्रश्न ओळखीचे वाटतील. भातुकली या चारही कसोट्यांना उतरते. आमच्या नातीचं ॲप पहिल्याच कसोटीला अडतं, कारण चार चित्रांतलं बरोबर चित्र सापडेपर्यंत कशावरही बोट मारत राहिलं तरी चालतं, शेवटी तारा मिळतोच.

चौथी तक्रार थोडक्यात सांगते, पण ती लहान नाही. कारखान्यात दोन पाळ्यांत काम करणाऱ्यांच्या घरी स्मार्टफोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. रात्री तो घरी येतो तेव्हा मूल पेंगुळलेलं असतं. जिथे हे आधीच सुरू आहे तिथे दुसऱ्या दिवशी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी येते आणि त्या मुलाच्या नावापुढे लाल रंगात ‘अपूर्ण’ लिहिलेलं असतं. साडेचार वर्षांच्या मुलाचं काय अपूर्ण राहिलं? त्याच्या आईला मात्र ते वाचून शाळेच्या दारात उभं राहायला संकोच वाटतो. अशा याद्या आजच बंद करा, त्यासाठी कोणत्याही बैठकीची गरज नाही.

पाचवी माहितीबद्दल. ॲप सुरू करताना मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो, पालकांचा मोबाइल नंबर आणि फोनच्या ठिकाणाची परवानगी मागितली जाते. ‘क’ ओळखायला मुलाच्या घराचं ठिकाण कशाला लागतं? ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने महासाथीच्या काळात ४९ देशांत वापरल्या गेलेल्या १६४ शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळांची तपासणी करून २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यांतल्या १४६ ठिकाणी मुलांच्या माहितीची हाताळणी त्यांच्या हक्कांना बाधा आणणारी किंवा धोक्यात टाकणारी दिसली. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलांवर पाळत ठेवता येणार नाही, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवता येणार नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शैक्षणिक संस्थांना त्यांत काही सवलत आहे, पण ती शिकवण्याच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. कंपनीच्या विक्री विभागाला ती लागू होत नाही. फीच्या पावतीवर सही घेतली म्हणजे ही संमती मिळाली, असं कृपया धरून चालू नका.

पैशाबद्दलही एक गोष्ट. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ रोजी शैक्षणिक कंपन्यांबाबत पालकांना सावध करणारं निवेदन काढलं होतं. खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याचा पर्याय टाळा, ‘मोफत’ म्हणून सुरू होणाऱ्या सेवेत पुढे काय आहे ते वाचा, ॲपमधली खरेदी बंद ठेवा, अशा सूचना त्यात आहेत. पालकांनी ही काळजी घ्यावी असं सरकार सांगतं. मग शाळेने शेकडो पालकांच्या वतीने एकदम करार करताना निदान तेवढी तरी घ्यायला हवी. काही शाळांना वर्गणीच्या बदल्यात वर्गात लावायचे मोठे पडदे सवलतीत मिळतात, असं पालकांत बोललं जातं. खरं असेल तर ते उघड सांगा, नसेल तर तसंही सांगा. दोन्ही बाबतींत संशय राहणार नाही.

तुमच्याकडून जी उत्तरं येतात तीही माझ्यापर्यंत पोचली आहेत. पालकांनाच हे हवं असतं, असं तुम्ही म्हणता. काही पालकांना हवं असतं हे खरं आहे. शेजारच्या शाळेत ॲप आहे आणि आपल्याकडे नाही, मूल मागे पडेल, ही भीती मी जवळून पाहिली आहे. पण पालकांना तर नर्सरीतल्या मुलाने शंभरपर्यंत आकडे लिहावेत असंही हवं असतं. तेव्हा आम्ही त्यांना वर्गात बसवायचो, मूल आधी पाच चिंचोके मोजतं म्हणजे नेमकं काय करतं ते दाखवायचो, आणि बहुतेकांना पटायचं. पालकांना समजावून सांगणं हे आपल्या कामातच येतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा ठरवला आणि २०२२ च्या पायाभूत स्तरावरच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळ हाच त्याचा गाभा मानला. हा आधार पालकसभेत मांडायला पुरेसा आहे.

मुलं नाहीतरी फोन बघतातच, निदान काही चांगलं तरी बघतील, हे दुसरं उत्तर. हे मी थोडं मान्य करते. घरात फोन येणारच असेल तर त्यावर काय असावं याचं मार्गदर्शन पालकांना हवंच आहे आणि ते शाळेने द्यावं. पण मार्गदर्शन देणं आणि सक्ती करणं यांत फार अंतर आहे.

आणि चांगलं म्हणजे काय, तेही सांगते. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत सचित्र गोष्टी मोफत मिळतात. त्या छापून घेता येतात, मोठ्याने वाचून दाखवता येतात, आणि फोन आजीच्या हातात राहतो. मी नातीला त्या वाचून दाखवते तेव्हा ती चित्रातल्या कुत्र्याला आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचं नाव देते आणि गोष्ट अर्धा तास लांबते. जीकॉम्प्री नावाचा दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीच्या खेळांचा संच आहे. तो मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यात जाहिरात नाही. खान अकॅडमीचं लहान मुलांचं ॲप मोफत आणि जाहिरातीविना चालतं. ते मुख्यतः इंग्रजीत असल्यामुळे मराठी बालवर्गाला मी ते सुचवणार नाही, पण कुलूप आणि खरेदीशिवाय ॲप चालवता येतं हे त्यावरून दिसतं. तेव्हा ‘सगळीकडे असंच असतं’ असं विक्रेत्याने सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सहा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाला घरी ॲप वापरण्याची सक्ती करू नये. ज्यांना ते नको त्यांच्या फीमधून ती रक्कम वगळावी आणि त्यांच्या मुलांची वर्गात किंवा ग्रुपवर वेगळी गणना होऊ नये.

ॲप घ्यायचंच असेल तर त्या गटाला शिकवणाऱ्या ताईंनी ते आधी स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरावं, मग दोन-चार मुलांबरोबर बसून वापरावं, आणि काय दिसलं ते लिहून द्यावं. मूल कुठे अडलं, कुठे बोललं, कुठे नुसतं बोट मारत राहिलं, बंद करताना काय झालं. हे टिपण पालकसभेत वाचून दाखवावं. ताईंनी नको म्हटलं तर ॲप घेऊ नये. हा अधिकार त्यांचाच असला पाहिजे.

मराठी म्हणून घेतलेल्या ॲपमध्ये पूर्ण मराठी वर्णमाला, मराठी वळणाची अक्षरं आणि मराठी माणसाचा आवाज असावा. कंपनी ते देत नसेल तर मराठीसाठी ते वापरू नये.

जाहिरात, ॲपमधली खरेदी, सलग हजेरीची बक्षिसं आणि आपोआप सुरू होणारा पुढचा खेळ यांतलं काहीही नसल्याची लेखी हमी कंपनीकडून करारात घ्यावी.

मुलाची कोणती माहिती घेतली जाते, ती कुठे ठेवली जाते आणि वर्ष संपल्यावर ती पुसली जाते का, हे एका पानावर मराठीत लिहून पालकांना द्यावं. कंपनीकडून संस्थेला सवलत, साहित्य किंवा रक्कम मिळत असेल तर तीही त्याच पानावर लिहावी.

आणि शेवटची मागणी खर्चाची. वर्गणीवर जो पैसा जातो त्यातून प्रत्येक वर्गात गोष्टींची पुस्तकं, लाकडी ठोकळे, मणी, माती आणि रंग आधी पुरेसे आहेत का ते पाहावं. नातीच्या वर्गात पुस्तकांचं कपाट आहे, पण फाटतील म्हणून त्याला कुलूप असतं. ते उघडा. पुस्तकं फाटू द्या, चिकटवता येतात.

पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेलाही एक विनंती आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे त्याखालच्या वयात खासगी संस्था काय खरेदी करतात याकडे फारसं कोणी बघत नाही. बालवर्गातली डिजिटल साधनं कशी पारखावी याची सोप्या मराठीत एक तपासणी-पत्रिका परिषदेने काढली, तर खेड्यातल्या एकट्या बालवाडीताईलाही विक्रेत्याला प्रश्न विचारायचं बळ येईल.

नवं वर्ष सुरू होण्याआधी पालकसभा घ्या आणि वरच्या मुद्द्यांवर उत्तर द्या, तोंडी नको, लेखी द्या. ॲप तपासायला ताईंना वेळ नाही ही अडचण मला ठाऊक आहे. नाशिक शहरातल्या कोणत्याही शाळेने बोलावलं तर शनिवारी वर्ग सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर बसायला येईन. माझ्याबरोबर काम केलेल्या आणखी काही निवृत्त शिक्षिकाही तयार आहेत. मानधन नको. फक्त ॲप आधी आम्हाला उघडून द्या आणि मुलांपैकी दोघांना थोडा वेळ थांबवून घ्या.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
मोठ्या गटात जाणाऱ्या एका मुलीची आजी,
नाशिक